कुंपणाखालचें मूळ

वेल्सच्या दक्षिण भागांत, कोळशाच्या खाणींच्या डोंगराळ मुलखांत, मेस्तेग नांवाचें एक लहानसें गांव आहे. इ. स. १८८६ सालीं जॉन स्टॉरी नांवाच्या वनस्पतिशोधकानें कार्डिफच्या आसमंतांतील वनस्पतींची एक यादी प्रसिद्ध केली. मेस्तेगजवळच्या राखेच्या ढिगांवर एक जपानी झुडूप विपुल वाढलें आहे, अशी एक नोंद तींत आहे. हें झुडूप बागेची वेस ओलांडून विलायतेंत आपल्या बळावर वाढूं लागल्याचा जो अगदीं आरंभींचा लेखी पुरावा आहे, त्यांतली ही नोंद होय. पुढें सुमारें एकशें तीस वर्षांनीं, २०१७ सालीं, त्याच मेस्तेगमधल्या लगतच्या दोन बैठ्या घरांचे मालक कार्डिफच्या दिवाणी न्यायालयांत उभे राहिले. घरामागच्या रेल्वेच्या बांधावरून तेंच झुडूप जमिनीखालून आमच्या आवारांत शिरलें, आणि त्यापायीं आमच्या घरांची किंमत उतरली, अशी त्यांची तक्रार होती. स्टॉरीनें आपली एक ओळ लिहिली तेव्हां तिचा कोणाच्या घराच्या किंमतीशीं संबंध पोंचेल, हें त्याच्या स्वप्नींहि आलें नसेल. या दोन कागदांच्या मधल्या काळांत काय घडलें तें सांगण्याचा आमचा हेतु आहे.

या वनस्पतीस इंग्रज लोक जॅपनीज नॉटवीड म्हणतात आणि जपानी लोक इतादोरी म्हणतात. मराठी माणसाच्या तोंडीं तिला नांव नाहीं. तेव्हां मायदेशींचें नांवच आम्ही येथें वापरणार आहों. आपल्या आंबटचुक्याच्या कुळांतली ती आहे, आणि तिचे वसंतांत फुटणारे कोंवळे कोंब चवीलाहि तसेच आंबट लागतात. पुढें मात्र ती चुक्याची मर्यादा पाळीत नाहीं. बांबूसारखीं पोकळ, पेरांपेरांचीं, तांबूस ठिपक्यांचीं तिचीं खोडें एका उन्हाळ्यांत दोन-तीन मीटर उंच होतात. शरदाच्या तोंडावर पांढुरके तुरे येतात. हिंवाळ्यांत तीं खोडें वाळून काड्यांचें रान उभें राहतें. खरें सामर्थ्य जमिनीखालीं आहे. हळदीच्या गड्ड्याच्या जातीचें एक आडवें खोड तेथें पसरत असतें, आणि त्याचा मासाभरहि न भरणारा तुकडा मातींत राहिला तरी त्यांतून नवें झाड उभें राहूं शकतें. शास्त्रीय भाषेंत तें मूळ नव्हे. पण सोयीसाठीं त्यास मूळच म्हणूं.

इतादोरीस युरोपांत आणण्याचें श्रेय—आज विलायतेंतील पुष्कळ घरमालक यास पातक म्हणतील—फिलिप फ्रान्झ फॉन झीबोल्ड या जर्मन वैद्याकडे जातें. हा १७९६ सालीं वुर्ट्सबुर्ग येथें जन्मला आणि डचांच्या नोकरींत १८२३ सालीं नागासाकी बंदरांतील देजिमा बेटावर उतरला. जपाननें त्या काळीं युरोपियनांस दारें लावून घेतलीं होतीं. एकट्या डचांस त्या चिमुकल्या बेटावर वखार ठेवण्याची मोकळीक होती. झीबोल्डची वैद्यकींतली कीर्ति, विशेषतः डोळ्यांच्या शस्त्रक्रियेंतली, लवकरच बेटाबाहेर गेली. त्याला नागासाकीच्या बाहेर शिष्य शिकविण्याची परवानगी मिळाली, आणि औषधाच्या मोबदल्यांत पैशांऐवजीं तो वस्तु स्वीकारूं लागला. वनस्पतींचा त्याचा संग्रह असा वाढत गेला. ताकी नांवाच्या जपानी स्त्रीबरोबर त्यानें संसार मांडला, आणि हायड्रेंजियाच्या एका जातीला तिचें नांव देऊन ठेवलें. त्यांची कन्या इने हिनें पुढें पाश्चात्य वैद्यकाचा अभ्यास करून जपानांत वैद्यकी केली. तिच्यावर एक स्वतंत्र लेखच लिहावयास हवा. असो. १८२८ सालीं झीबोल्डपाशीं जपानचे नकाशे असल्याचें उघडकीस आलें. परकीयास नकाशे देणें हा तेथें भयंकर गुन्हा होता. नकाशे देणारा दरबारी ज्योतिषी ताकाहाशी कागेयासु तुरुंगांत मरण पावला, आणि झीबोल्डला १८२९ च्या अखेरीस देशाबाहेर घालविण्यांत आलें.

हॉलंडांत लायडन येथें त्यानें बिऱ्हाड केलें आणि जपानी व चिनी झाडांची रोपवाटिका उभारली. १८४७ सालीं उट्रेख्ट येथील कृषि व उद्यानविद्येच्या मंडळानें, त्या वर्षांतील सर्वांत लक्षवेधक नवें शोभेचें झाड म्हणून, इतादोरीस सुवर्णपदक दिलें. झीबोल्डच्या विक्रीपत्रकांत तिचे गुण गाइलेले आहेत: दिसावयास देखणी, गुरांस चारा, मधमाशांस मध, वाळूच्या टेकड्यांस आधार. आणि गंमत अशी कीं, यांतील एकहि गोष्ट खोटी नाहीं. १८५० सालच्या ९ ऑगस्ट रोजीं लंडनजवळच्या क्यू येथील राजकीय उद्यानांत झीबोल्डकडून, कोणी मागविला नसतां, चाळीसेक झाडांचा एक पेटारा येऊन पोंचला. त्यांत इतादोरी होती. उद्यानाच्या वहींत तिची रीतसर नोंद झाली. १८५४ सालीं क्यूकडून ती एडिंबराच्या उद्यानांत गेली आणि मग रोपविक्यांच्या मार्गानें घरोघर.

येथपर्यंत प्रत्येक पावलाला तारीख आहे हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. (एक अपवाद नांवाचा. हाउटुइन नांवाच्या डच पंडितानें १७७७ सालींच या वनस्पतीस एक शास्त्रीय नांव दिलें होतें. झीबोल्ड आणि त्याचा सहकारी झुकारिनी यांनीं तें न ओळखतां दुसरें दिलें. हीं दोन्ही झाडें एकच, हें माकिनो या जपानी शास्त्रज्ञानें १९०१ सालीं दाखविलें. पंडितांच्या दप्तरांतहि असें होतें.)

व्हिक्टोरिया राणीच्या काळच्या सुखवस्तु इंग्रजाला बागेची जी हौस होती ती आज आपणांस समजणें कठीण आहे. दूरच्या देशचें, पूर्वीं न पाहिलेलें झाड दारांत असणें म्हणजे साम्राज्याचा एक तुकडा परसांत असणें. १८७० सालीं विल्यम रॉबिन्सन यानें 'द वाइल्ड गार्डन' हा ग्रंथ लिहिला, आणि आखीव ताटव्यांऐवजीं दणकट परदेशी झाडें मोकळेपणीं वाढूं द्यावीं, असा उपदेश केला. इतादोरी अशा बागेस अगदीं योग्य ठरली. तिला पाणी नको, खत नको, माळी नको. पुढें याच ग्रंथकारास तिच्याविषयीं सावधगिरीचे शब्द लिहावे लागले. पण तोंवर रोपें विकलीं गेलीं होतीं. आम्हांस यांत इंग्रजांस हंसण्याचा अधिकार नाहीं. आपल्या डोंगरउतारांवर माजलेली घाणेरीहि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानांत शोभेसाठींच आणली होती. आणि आपल्या तेरड्याचा हिमालयांतील उंच भाऊ १८३९ सालीं इंग्लंडांत पोंचला, तो आज तेथील नदीकांठ व्यापून बसला आहे. देवघेव दोन्ही बाजूंनीं झाली.

विलायतेंत इतादोरीचें जें काय पसरलें तें बियांनीं पसरलें नाहीं. २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत देशाच्या निरनिराळ्या भागांतले सुमारें दीडशें नमुने तपासले गेले. ते सर्व एकाच मादी झाडाचे तुकडे ठरले. या झाडास स्वतःचा पराग नाहीं, त्याच जातीचें नर झाड देशांत नाहीं. जवळच्या दुसऱ्या जातींशीं संकर होतो तेवढाच. म्हणजे मेस्तेगच्या राखेंतलें झुडूप आणि लंडनच्या एखाद्या परसांतलें झुडूप हीं आईलेंकरें किंवा बहिणी नव्हेत. एकच देह हजारों ठिकाणीं वाढतो आहे. त्यास पसरविलें तें माणसानें. माळ्यानें कंटाळून उपटलेला गड्डा ओढ्याकांठीं फेंकला. कंत्राटदारानें एका जागेची माती गाडींत भरून दुसऱ्या पायाखालीं घातली. पुरानें उरलेलें काम केलें. फुजी पर्वताच्या लाव्ह्यावर, जेथें दुसरें कांहीं उगवत नाहीं, तेथें पहिल्यानें रुजणारी ही वनस्पति. तिला दक्षिण वेल्समधले कोळशाच्या राखेचे ढीग, रेल्वेचे भराव आणि स्वान्सीच्या खोऱ्यांतील तांब्याच्या भट्ट्यांचे उकिरडे माहेरासारखे वाटले तर नवल नाहीं. मायदेशीं मात्र तिच्यावर किडे व बुरशी यांचा अखंड पहारा असतो. येथें पेटाऱ्यांतून ती एकटीच आली होती.

कारखाने बसले, खाणी बंद पडल्या, आणि त्या पडीक जमिनींवर व त्यांच्या लगत घरें झालीं. स्वान्सी शहर तर इतादोरीसाठींच प्रसिद्ध झालें. लंडनमध्यें २०१२ च्या ऑलिंपिक खेळांसाठीं ली नदीच्या खोऱ्यांतली जी जुनी औद्योगिक जमीन साफ केली, तींतून ती काढून टाकण्यासाठीं फार मोठा खर्च करावा लागला. कायद्याला जाग मध्यंतरींच आली होती. १९८१ च्या वन्यजीवविषयक कायद्यानें ही वनस्पति रानांत लावणें किंवा वाढूं देणें हा गुन्हा ठरविला, आणि १९९० च्या पर्यावरण संरक्षणाच्या कायद्यान्वयें तिचीं खोडें व तिच्या मुळांची माती ही नियंत्रित कचऱ्यांत जमा झाली. ती परवान्याच्या जागींच टाकावी लागते. घराच्या आवारांत ती असणें हा मात्र गुन्हा नाहीं. शेजाऱ्याकडे तिला जाऊं देणें हा प्रश्न निराळा, आणि तेथूनच आमच्या कथेचें दुसरें प्रकरण सुरू होतें.

विलायतेंतला सामान्य गृहस्थ घर घेतो तें कर्ज काढून, आणि घर हीच त्याची आयुष्याची पुंजी असते. या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस कर्ज देणाऱ्या पेढ्यांनीं इतादोरी असलेल्या घरांवर पैसे देण्याचें नाकारण्यास आरंभ केला. २०१२ सालीं मूल्यमापकांच्या राजमान्य संस्थेनें एक मार्गदर्शिका काढली; झुडूप घरापासून सात मीटरांच्या आंत आहे कीं बाहेर, यावर धोक्याची पायरी ठरूं लागली. सात मीटर! एका आंकड्यानें कांहीं हजार घरांचें भवितव्य ठरलें. भिंत शाबूत, छप्पर शाबूत, परंतु परसाच्या कोंपऱ्यांत ठिपक्यांच्या चार काड्या दिसल्या कीं गिऱ्हाइक परत फिरे. वृत्तपत्रांनीं फरशी फोडून वर येणाऱ्या कोंबांचीं चित्रें छापलीं, आणि भयाला चेहरा मिळाला.

घर विकतांना मालकास एक छापील तपशीलपत्र भरावें लागतें. त्यांत आतां इतादोरीविषयीं स्वतंत्र प्रश्न असून उत्तरें तीन आहेत: होय, नाहीं, ठाऊक नाहीं. लंडनच्या नैर्ऋत्य भागांतल्या एका मालकानें २०१८ सालीं घर विकतांना 'नाहीं' असें लिहिलें. नवा मालक राहावयास आला आणि बागेंत त्यास इतादोरी सांपडली. २०२३ सालीं निकाल विक्रेत्याच्या विरुद्ध गेला. भरपाई सुमारें बत्तीस हजार पौंड, आणि कोर्टाचा खर्च त्याहून कितीतरी अधिक. 'ठाऊक नाहीं' असें लिहिलें असतें तर? गिऱ्हाइकानें भाव पाडला असता, इतकेंच. पण ज्याचें घर विकावयाचें आहे त्यास अज्ञान कबूल करण्यापेक्षां नकार लिहिणें सोपें जातें. हा दोष एकट्या इंग्रजांत आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

मेस्तेगच्या खटल्याचा निकाल अपील न्यायालयानें २०१८ च्या जुलैंत दिला. रेल्वेच्या बांधावर ती वनस्पति निदान पन्नास वर्षें होती. मुख्य प्रश्न असा होता कीं, घराची नुसती किंमत उतरणें हें न्यायाच्या दृष्टीनें नुकसान आहे काय? न्यायमूर्तींनीं उत्तर दिलें कीं, उपद्रवाचा कायदा हा जमिनीचा उपभोग राखण्यासाठीं आहे, तो गुंतवणुकीचें मूल्य राखण्यासाठीं नाहीं. परंतु मुळें आवारांत शिरणें हीच उपभोगाला बाधा आहे, कारण मालकाला आपल्या जमिनींत सुखानें खणतां वा बांधतां येत नाहीं. फिर्यादी जिंकले. भिंतीला तडा गेल्याचें सिद्ध करावें लागलें नाहीं. आमच्या मतें हा निकाल बारकाईचा आणि योग्य आहे. भयाला त्यानें किंमत दिली नाहीं, पण मुळाला दिली.

याच वर्षीं लीड्स विद्यापीठाशीं संबंधित संशोधकांनीं एक पाहणी प्रसिद्ध केली. उत्तर इंग्लंडांतील १९०० पूर्वीं बांधलेलीं, ओस पडलेलीं अडुसष्ट घरें त्यांनीं पाहिलीं. इतादोरीनें घराला केलेली इजा ही झाडें व वेली करतात त्याहून अधिक नाहीं, आणि तिचीं मुळें बहुधा चार मीटरांपलीकडे जात नाहींत, असें त्यांस आढळलें. डांबरी वाटा, पातळ फरशी, जुनीं गटारें यांच्या फटींत ती शिरते आणि त्या रुंद करते, हें खरें; चांगला पाया मात्र ती फोडीत नाहीं. २०१९ सालीं पार्लमेंटच्या कनिष्ठ सभागृहाच्या विज्ञानसमितीनें सात मीटरांच्या नियमावर अतिसावधपणाचा ठपका ठेवला, आणि २०२२ सालीं मूल्यमापकांच्या संस्थेनें तो नियम मागें घेऊन तीन मीटर हें नवें माप स्वीकारलें. दहा वर्षें लोकांनीं घरें स्वस्तांत दिलीं, विकण्याचें लांबणीवर टाकलें, शेजाऱ्याशीं बोलणें सोडलें, तें एका आंकड्यापायीं. तो आंकडा बदलला म्हणून त्यांचे पैसे परत आले नाहींत.

ज्याच्या परसांत ती उगवली आहे त्यानें करावें काय? पहिली गोष्ट, कुदळ हातीं घेऊं नये. खणणाऱ्यानें एका झुडपाचीं पन्नास केलीं अशीं उदाहरणें पुष्कळ. कापलेलीं खोडें कचऱ्याच्या पेटींत टाकूं नयेत. सगळी माती काढून परवान्याच्या जागीं नेतां येते, परंतु हा श्रीमंतांचा उपाय होय. उरतें तें ग्लायफोसेट नांवाचें तणनाशक, जें १९७४ सालीं बाजारांत आलें. शरदाच्या सुमारास, जेव्हां झाड पानांतला रस मुळाकडे ओढूं लागतें, तेव्हां तें पानांवर फवारल्यास विष त्या रसाबरोबर खालीं जातें. स्वान्सीच्या विद्यापीठानें दक्षिण वेल्समध्यें अनेक उपाय तीन वर्षें मोठ्या वाफ्यांवर करून पाहिले आणि फल २०१८ सालीं प्रसिद्ध केलें. तीन वर्षांत समूळ नाश एकाहि उपायानें झाला नाहीं, ग्लायफोसेटनें जोर मात्र सर्वांत अधिक ओसरला. २०१० सालीं जपानांतून आणलेला एक रसशोषक कीटकहि विलायतेंत मोकळा सोडण्यांत आला. पेटाऱ्यांत जो पहारेकरी राहून गेला होता तो एकशें साठ वर्षांनीं मागविल्यासारखें हें झालें. परंतु त्या हवेंत त्याचा अद्याप नीट जम बसलेला नाहीं. शिवाय कुंपणाच्या एकाच बाजूस फवारून भागत नाहीं. शेजाऱ्याचें दार ठोठवावें लागतें, आणि पुष्कळांस हेंच काम फवाऱ्याहून अवघड जातें.

२०२४ च्या मे महिन्यांत विलायतेच्या सर्वोच्च न्यायालयापुढें एक प्रकरण आलें, तेंहि मेस्तेग ज्या बरो कौन्सिलच्या हद्दींत आहे त्याच हद्दींतलें. एका गृहस्थानें २००४ सालीं घर घेतलें होतें. लगतच्या कौन्सिलच्या जमिनींतून इतादोरी त्याच्या आवारांत आली होती. २०१३ पासून २०१८ पर्यंत कौन्सिलनें हयगय केली असें ठरलें, आणि अपील न्यायालयानें घराच्या उतरलेल्या किंमतीपोटीं त्यास ४,९०० पौंड देवविले होते. सर्वोच्च न्यायालयानें ते रद्द केले. कारण असें कीं, मूळ कुंपणाखालून आलें तें २००४ च्याहि पूर्वीं, म्हणजे कौन्सिलचा दोष सुरू होण्याच्या कितीतरी आधीं. किंमत तेव्हांच उतरली होती. नऊ वर्षें पुढचा दोष मागच्या नुकसानीचें कारण होऊं शकत नाहीं. तर्क निर्दोष आहे. परंतु उट्रेख्टचें पदक, क्यूचा पेटारा, स्टॉरीची यादी यांच्या तारखा सांगणाऱ्या या सगळ्या इतिहासांत, तें मूळ कोणत्या वर्षीं हद्द ओलांडून आलें याची नोंद कोठेंच नाहीं, आणि दावा बुडाला तो त्या एका वर्षावर. जमिनीखालीं चालणाऱ्याची वही कोण ठेवणार?

आतां लोक वही ठेवूं लागले आहेत. स्वान्सी, कार्डिफ, लंडन या शहरांत ज्यांच्या परसांत इतादोरी आहे ते कोंबाचीं छायाचित्रें तारखेसह जपून ठेवतात, शेजाऱ्यास पाठविलेल्या पत्राची नक्कल ठेवतात, आणि उपाय करणाऱ्या मंडळीकडून दर वर्षाच्या फवारणीचा दाखला व शेवटीं विम्याची हमी घेतात. घर विकलें जातें तेव्हां खरेदीखताबरोबर हें सगळें बाड नव्या मालकाच्या हातीं जातें, आणि पुढच्या शरदांतल्या फवारणीची तारीख तो आपल्या हातानें त्याखालीं लिहितो.